येऊ द्या, येऊ द्या

रोज सकाळी सव्वानऊला आमच्या पार्किंगमध्ये बेथोव्हेन वाजायचा. शेजारच्या विंगमधले काका गाडी मागे घ्यायचे, टिं टिं टिं टिं टिं सुरू व्हायचं आणि त्यावर वॉचमनचा ठेका, 'येऊ द्या, येऊ द्या, बास बास बास!' गिअर बदलला की सूर जिथल्या तिथे तुटायचा. काकांचा हात तसा यथातथाच, त्यामुळे खांब वाचवत चार वेळा मागे-पुढे व्हायचं आणि तेवढ्या वेळा तो तुकडा पहिल्यापासून. चांगल्या ड्रायव्हरच्या शेजाऱ्यांना हे संगीत कमी मिळतं.

भाचीने की-बोर्डच्या क्लासात शिकलेलं पहिलं 'मोठं' गाणं मला वाजवून दाखवलं, तेव्हा मी बोलून गेलो, 'अगं, ही तर रिव्हर्सची ट्यून!' पोरीचा चेहरा पडला. 'मामा, हे फ्युर एलिझे आहे.' म्हणजे 'एलिझेसाठी'.

मग मी पेटी काढली. पांढरी सहा सा धरला तर ते येतं: प म प म प, रे म ग सा. पहिले दोन्ही मध्यम तीव्र, नंतरचा शुद्ध, गंधार कोमल. त्या दोन मध्यमांतच सगळी गंमत आहे. पंचमावरून बोट जरासं घसरतं, परत येतं, पुन्हा घसरतं. दाराशी येऊन बेल वाजवावी की नको, असं घुटमळल्यासारखं.

घुटमळायला कारणही असावं. हे १८१० च्या सुमाराचं काम. तेव्हा बेथोव्हेन चाळिशीला टेकलेला, कान साथ सोडत चाललेले, आणि त्याच वर्षी त्याच्या मनात थेरेझे माल्फाटीशी लग्न करायचं होतं. ते जमलं नाही. बरं, मग ही एलिझे कोण? बेथोव्हेनने ही चीज हयातीत छापलीच नाही. तो १८२७ साली गेला आणि चाळीस वर्षांनी, १८६७ मध्ये, लुडविग नोल या अभ्यासकाने म्युनिकमध्ये पाहिलेल्या हस्तलिखितावरून ती छापली. 'एलिझेसाठी, २७ एप्रिल, आठवण म्हणून' असा मजकूर त्यानेच वाचला. ते हस्तलिखित पुढे हरवलं. आता कोणी म्हणतं, अक्षर गचाळ होतं, नोलने 'थेरेझे'चं 'एलिझे' केलं. कोणी एलिझाबेट र्‍योकेल या गायिकेचं नाव पुढे करतं. मला नोलची बाजू घ्यावीशी वाटते. ज्याने डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन केमिस्टकडे रांग लावली आहे, तो त्याला हसणार नाही.

तैवानमध्ये म्हणे हीच धून कचऱ्याच्या गाड्यांवर वाजते. ऐकू आली की लोक पिशव्या घेऊन खाली धावतात. एकूण काय, एका कुणासाठी लिहिलेली चिठ्ठी आता गाडीच्या मागे जो कोणी उभा असेल त्याच्यासाठी आहे.

पुढचं मी ऐकलं ते भाचीने दिवाळीच्या सुट्टीत अख्खं वाजवलं तेव्हा. तीनेक मिनिटांचं प्रकरण. मध्येच डावा हात खालच्या सा वर धडधड धडधड ठोके धरतो, वर सूर काळवंडत जातात. हे आमच्या पार्किंगपर्यंत कधी पोचलंच नव्हतं. मग उजवा हात वरून पायऱ्या उतरल्यासारखा घरंगळत येतो आणि पुन्हा तेच घुटमळणं. भाची तिथे हमखास अडखळायची आणि काकांसारखीच पहिल्यापासून सुरू करायची.

गेल्या महिन्यात काकांनी गाडी बदलली. नवीला कॅमेरा आहे, मागे घेताना नुसतं बीप बीप. वॉचमनचा ठेका चुकतो त्यावर. परवा काका गाडी काढत होते तेव्हा तो हात हलवत, तोंडातल्या तोंडात टिं टिं टिं टिं करत उभा होता.