अलीकडे की पलीकडे

रविवार, रात्री

घरे पाहण्याचा हा तिसरा रविवारही गेला आणि काहीच ठरले नाही. तरीही वही उघडण्याचे कारण ते नाही. संध्याकाळी पांझरा नदीच्या पुलाजवळ मेथीची जुडी घेताना भाजीवाल्या मावशींनी सहज विचारले, "घर अलीकडे की पलीकडे?" मला उत्तर देता आले नाही. त्यावर त्या शेजारणीला म्हणाल्या, "पाव्हना शेतस वाटस."

पाहुणे! तापीकाठी जन्मलेल्या, अहिराणीत भांडत वाढलेल्या मला धुळ्यात पाहुणे म्हणावे? खरे तर त्याच क्षणी त्यांना त्यांच्याच बोलीत उत्तर द्यायला हवे होते, पण तोंडातून निघाले ते "किती झाले?" आणि तेही बावीस वर्षांच्या पुण्याने घासूनपुसून दिलेल्या मराठीत. पुलावरून चालत येताना डोळे भरून आले. मेथीच्या जुडीमुळे रडणारी मी पहिलीच असेन.

मावशींचा प्रश्न मात्र अजून मनातून जात नाही. गल्ल्यांमध्ये राहणारी माणसे देवपूरला पलीकडे म्हणतात आणि देवपूरकर "जरा गावात जाऊन येतो" असे म्हणून पूल ओलांडतात. नदी एकच असली तरी अलीकडची बाजू ज्याच्या त्याच्या उंबऱ्यापासून सुरू होते आणि माझा उंबराच अजून ठरलेला नाही. मग मी काय सांगणार होते?

देवपुरातली सदनिका सोयीची आहे. गाडी लावायला जागा आहे, जिना रुंद आहे, एकवीरेचे देऊळही फार लांब नाही. तिथल्या घरमालकांनी खोल्या दाखवण्याआधी टाकी दाखवली, कारण नळाला पाणी कितव्या दिवशी येते हे विचारल्याखेरीज इथे कोणी भाड्याचा विषय काढत नाही. गल्लीतल्या घराची टाकी लहान, जिना अंधारा आणि शेजारच्या फोडणीचा ठसका थेट आपल्या माजघरात येणारा. तरीही त्या लाकडी खांबाला हात लावून मी उगीचच बराच वेळ उभी राहिले. आईच्या घरातही असाच खांब होता. त्याविषयी आज लिहीत नाही.

"नदी जवळ आहे, 1872 च्या पुराने गावाची काय दशा केली ते वाचले आहेस ना?" असे ताईंनी बजावले. वाचले आहे, आणि ते वाचताना दुसरेही एक सापडले. या सरळ, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांची पेठ कॅप्टन ब्रिग्जने 1819 च्या सुमारास वसवली, तेव्हा बऱ्हाणपूरहून व्यापाऱ्यांना मुद्दाम बोलावून आणले होते आणि कारागीरही दूरदूरहून आले होते. म्हणजे पिढीजात गावकरी म्हणून आज ज्यांच्यापुढे मी संकोचते, त्यांच्यापैकी कित्येकांचे पूर्वज असेच बोचकी घेऊन आले असतील आणि त्यांनाही कुणीतरी पाव्हना म्हटले असेल. इतिहासाचार्य राजवाडेही इथले नव्हेत. पण 31 डिसेंबर 1926 रोजी त्यांनी देह ठेवला तो धुळ्यातच, आणि पुढे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले तेही इथेच. त्यांना घर अलीकडे की पलीकडे हे कोणी विचारले नसावे. विचारले असते तर त्या शब्दांची व्युत्पत्ती ऐकून घ्यावी लागली असती.

मेथी निवडताना बोटे हिरवी झाली आणि थोडे हसू आले. जुडी भली मोठी होती आणि निम्मी ताईंच्या फ्रीजमध्ये ठेवली आहे. पाहुण्यांना काटा झुकता ठेवतात, हे मावशींच्या बोलण्यात आले नव्हते. मंगळवारी पुन्हा त्यांच्याकडेच जाईन, आणि अहिराणी अडखळली तर अडखळली.

नऊ वाजता ह्यांचा फोन आला. काय ठरले, असे विचारले.

"पलीकडचे घेऊ या," मी म्हणाले.

"देवपूरचे?"

"नाही, गल्लीतले."

थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. "अगं, मग पलीकडचे कसे? पलीकडे तर तू बसली आहेस."