मालगुजारी तलावातील देवधान आणि माझी पीएच.डी.

वनस्पतींची विविधता आणि उत्क्रांती यांवर काम करायचे तर मोठ्या शहरातच जावे लागते, असे मला अनेकांनी सांगितले होते. मी गोंदिया जिल्ह्यातील एका ग्रामीण महाविद्यालयात शिकवत होते आणि नोकरी सोडणे शक्य नव्हते. म्हणून विषयच असा निवडला की ज्यासाठी इथे राहणे हीच पहिली गरज ठरावी. आमच्याकडील मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातील तलावांत आपसूक उगवणारे, नांगर लागत नाही म्हणून उपवासाला चालणारे देवधान, म्हणजे रानभात, हा तो विषय.

ओरायझा या भाताच्या प्रजातीत सुमारे 24 जाती असून लागवडीच्या केवळ दोन आहेत. आशियाई भाताचे सर्वांत जवळचे रानटी नातलग म्हणजे खोल पाण्यात वर्षानुवर्षे टिकणारी रुफिपोगॉन आणि आटत्या काठावर एकाच हंगामात उगवून, बी टाकून मरणारी निवारा. या दोन वेगळ्या जाती मानाव्यात की एकाच जातीची दोन रूपे, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. निवाराचे स्वतंत्र वर्णन शर्मा आणि शास्त्री यांनी 1965 साली केले, त्यामुळे त्याआधीच्या ग्रंथांत ते नाव मिळत नाही. त्यातच थिओडोर कुक यांचा प्रसिद्ध फ्लोरा, म्हणजे वनस्पतींच्या वर्णनांचा ग्रंथ, मुंबई इलाख्यापुरता आहे आणि आपला प्रदेश तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने 1996 साली काढलेला महाराष्ट्राच्या एकदल वनस्पतींचा खंड हाच माझा मुख्य आधार ठरला.

विद्यापीठाच्या समितीसमोर आराखडा मांडताना पहिलाच प्रश्न आला की याचा उपयोग काय. उत्तर प्रदेशातील निवाराच्या एका नमुन्यातून भाताला ‘ग्रासी स्टंट’ या विषाणूविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळाली आणि ती 1970 च्या दशकात आयआर 36 सारख्या वाणांत उतरवली गेली, हे मी सांगितले आणि आराखडा मंजूर झाला. खरे तर केवळ उपयोगासाठीच अभ्यास करावा, हे मला पटत नाही. पण समितीचा प्रश्न रास्त होता. त्यानंतर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला पत्र दिले आणि तलाव ज्यांच्याकडे ठेक्याने होता, त्या मच्छीमार बांधवांची परवानगी घेतली.

त्यांच्यातील एका वयस्क धीवर काकाजींनी आम्हाला डोंग्यातून नेले. लोंबीला हात लावत ते म्हणाले, “म्याडम, दाणा पूरा पिकायची वाट पाहाल तं हाती कुसळंच येतीन.” रानभाताचा दाणा पिकताच गळून पडतो, माणसाने लागवडीत जे गुण बदलले, त्यांत हा गळण्याचा गुण सर्वांत महत्त्वाचा. म्हणून दाणे दुधावर असतानाच आम्ही लोंब्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधू लागलो. हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी दाबलेले झाड, पिशवीतले बी आणि सिलिका जेलमध्ये वाळवलेले पान या तिन्हींवर एकच क्रमांक घालण्याचा माझ्या मार्गदर्शक सरांचा आग्रह असे, आणि पुढची सगळी वर्षे त्या शिस्तीवरच निभावली.

सर्वांत आनंदाचे काम परागकोशांची लांबी मोजण्याचे होते. फुले उमलू लागली की तुसे उघडून सहा पिवळसर परागकोश बाहेर लोंबतात. ते चिमट्याने काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. बहुवर्षायू झाडात ते साधारणतः 3 मिलिमीटरपेक्षा लांब आणि वर्षायू झाडात त्याहून आखूड असतात. आमच्या तलावांत मात्र खोल पाण्याकडून काठाकडे येताना मधल्या मापांची झाडेही भेटत होती. हा फरक पाण्याच्या खोलीमुळे पडतो की तो वंशातूनच येतो, हे वाळलेल्या नमुन्यावरून ठरत नाही. म्हणून सगळ्यांचे बी महाविद्यालयाच्या आवारात सारख्याच मातीच्या, सारख्याच पाण्याच्या कुंड्यांत पेरले. कोणती झाडे उन्हाळा काढतात आणि कोणती बी देऊन वाळतात, हे पाहायला रोज तिथे असणारा माणूस लागतो, आणि तो लाभ मला गावात राहिल्यामुळेच मिळाला. खोल पाण्यातील बहुतेक झाडे पुन्हा फुटली, काठावरची मेली, आणि बांध्यांना, म्हणजे भातशेतांना लागून असलेल्या झाडांची संतती एकमेकांसारखी नव्हती. तिथे लागवडीच्या भाताशी संकर झाल्याचा संशय बळावला.

डीएनए वेगळा करण्याचे काम आमच्याकडे झाले, पुढचे बाहेरच्या प्रयोगशाळेत. तिथे नमुने दीर्घकाळ पडून राहिल्याने प्रबंध लांबला. मौखिक परीक्षेत परीक्षकांनी कुंड्यांच्या नोंदवह्याच मागून घेतल्या आणि बहुतेक प्रश्न त्यांवरच विचारले. संकराच्या पट्ट्यातील झाडांना जातीचे नाव न देता मी त्यांचे वर्णन तेवढे केले होते. तो निर्णय त्यांनी मान्य केला.

पदवी मिळाली तरी काम सुरूच आहे. गाळ काढून तलाव सरसकट खोल केले तर पाणीसाठा वाढतो, पण उथळ आटता काठ जातो आणि वर्षायू देवधानाला दुसरी जागा उरत नाही. उरलेल्या काठावर बेशरम हे तण पसरते. म्हणून खोलीकरणाचे आराखडे होताना एका बाजूचा उतरता काठ तसाच ठेवावा, असे निवेदन काकाजींच्या आणि इतर मच्छीमारांच्या सह्यांनिशी आम्ही ग्रामसभेत मांडत आहोत.