सोया-अल्जिनेट शीट अपडेट: कॅल्शियमनंतर तडकणं थांबलं

सोया प्रोटीन आणि अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारा, जेल बनवणारा पदार्थ) यांची माझी बायोप्लास्टिक शीट आता वाळल्यावर दुमडली तरी तुटत नाही आणि रात्रभर साध्या पाण्यात ठेवली तर फुगते पण अख्खी राहते. आधी या दोनपैकी एकच काहीतरी मिळायचं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मिश्रण तसं सोपं आहे. १०० मिली पाण्यात ४ ग्रॅम सोया प्रोटीन आयसोलेट (सोयाचं शुद्ध प्रोटीन), पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ९ ते १० च्या मधे आणून ८०-८५ डिग्रीला अर्धा तास, म्हणजे प्रोटीनच्या गुंडाळ्या उलगडतात आणि गार होताना एकमेकींना धरतात. दुसऱ्या भांड्यात १.५ ग्रॅम सोडियम अल्जिनेट आधी ग्लिसरीनमधे कालवून मग १०० मिली पाण्यात, नाहीतर गुठळ्या होतात आणि त्या काही केल्या फुटत नाहीत. ग्लिसरीन एकूण २ ग्रॅमच्या आसपास, त्यानेच शीट लवचिक राहते. मग दोन्ही एकत्र करून ट्रेमधे ओतायचं आणि वाळू द्यायचं. पीएच मात्र खाली येऊ देऊ नका, ४.५ च्या जवळ सोया प्रोटीन फाटतं आणि त्याच्याही खाली गेलं की अल्जिनेटला चिकटून गोळे होतात. अल्कलाइन बाजूला दोघांवरही निगेटिव्ह चार्ज असतो त्यामुळे निमूट एकत्र राहतात.

पीएच वाढवायला धुण्याचा सोडा नको, खूप पातळ केलेला कॉस्टिक सोडा घ्या, थेंबाथेंबाने, गॉगल आणि हातमोजे घालून. कारण सोड्यातलं कार्बोनेट नंतर कॅल्शियमला भेटलं की चुनखडी तयार होते आणि शीटवर पांढरट धुकं येतं, ते पुसून जात नाही.

आता खरा मुद्दा. वाळलेली शीट कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात बुडवली की कॅल्शियम अल्जिनेटच्या साखळ्या एकमेकींना बांधतं, शीट पाण्यात टिकते, पण त्याच वेळी आतलं ग्लिसरीन बाहेर पाण्यात निघून जातं!! मग ती वाळली की काचेसारखी तडकणार, दुसरं काय होणार. उपाय म्हणजे या कॅल्शियमच्या पाण्यातच (बाथमधे) ग्लिसरीन घालायचं, मी २ टक्के कॅल्शियम क्लोराइडसोबत ५ टक्के ग्लिसरीन ठेवतोय, म्हणजे बाहेर जातं तेवढंच साधारण आत येतं. बाथनंतर साध्या पाण्यातून एकदाच पटकन काढायची, जास्त वेळ ठेवली तर परत ग्लिसरीन जातं आणि अजिबात धुतली नाही तर उरलेलं कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतं आणि शीट घामेजल्यासारखी चिकट राहते. वाळवताना चारी कडा फ्रेमला क्लिपांनी ताणून धरा, कारण ती आकसते आणि ताण नसेल तर सरळ गुंडाळी होते.

जाडीसाठी ट्रेच्या मापावर विश्वास ठेवा. एवढं मिश्रण ३० बाय २० सेंमीच्या ट्रेमधे ओतलं की वाळून ०.१ मिमीच्या जवळपास येते.

रंगासाठी स्पिरुलिना (निळ्या-हिरव्या शेवाळाची पूड) घालत असाल तर मिश्रण कोमट झाल्यावर घाला, तिचा निळा रंग ६० डिग्रीच्या वर बिघडायला लागतो, आणि उन्हातही उडतोच. वास राहतो. मला तो चालतो.

अडलंय ते मिठाच्या पाण्यात. तिथे सोडियम कॅल्शियमची जागा घेतो, बांधणी सैल पडते आणि शीट हळूहळू लिबलिबीत होते. साध्या पाण्यातही फार वेळ भिजली की ग्लिसरीन जातच राहतं, म्हणजे पुढच्या वाळवणीत परत कडक. म्हणून आता एका बाजूला झीनचा पातळ थर देऊन बघणार आहे, हे मक्यातलं प्रोटीन पाण्यात विरघळतच नाही, त्याला ८० टक्के अल्कोहोल लागतं (गॅसपासून लांब, खिडकी उघडी). थर सोया-अल्जिनेटवर नीट बसतो की सुटून येतो हे कळायचंय. कोणी झीन ब्रशने लावलं असेल तर ते ओलसर शीटवर लावलं की पूर्ण वाळलेल्या, एवढं जरूर सांगा.