म्हादईच्या निवळ पाण्यापासून चोडणच्या तिवरांपर्यंत: दोन दिवस कायाकवर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, सोनाळजवळ म्हादई नदीत कायाक उतरवल्या तेव्हा पावणेआठ झाले होते आणि पाण्यावर धुक्याचा पातळ थर होता. सगळ्यात पुढच्या कायाकमध्ये मावशी बसली. वय एकसष्ट, पोहता येतं, वल्हं मात्र पहिल्यांदाच हातात. तिने वाकून खाली पाहिलं आणि म्हणाली, "अरे, इथे पाणी आहे की नाही?" होतं, चांगलं पुरुषभर होतं. तळातला गोटा न् गोटा दिसत होता आणि त्यांच्यावरून आमच्या कायाकची सावली सरकत होती.

आम्ही अकरा जण होतो, सात कायाक: चार दोघांच्या, तीन एकेकट्या. बेत असा: कार्तिक चतुर्दशीची सकाळ सत्तरीत म्हादईवर, पौर्णिमेची सकाळ पणजीसमोरच्या चोडण बेटाच्या खाडीत आणि त्याच संध्याकाळी साखळीला विठ्ठलापूरची त्रिपुरारी पौर्णिमा. म्हादई म्हणजेच पुढची मांडवी. एकाच नदीची दोन रूपं लागोपाठ पाहायची, एवढीच इच्छा होती.

हे पाणी इतकं निवळ का, ते पाहायचं तर डोंगराकडे बघायला हवं. म्हादईचा उगम कर्नाटकात भीमगडच्या रानात, तीसेक झऱ्यांच्या समूहातून होतो. गोव्यात शिरल्यावरही दोन्ही अंगांनी झरे तिला भेटतच राहतात. जांभ्या दगडाला भोकंच भोकं. पावसाचं पाणी तो पिऊन घेतो, खालच्या चिकट मातीला पाणी टेकलं की ते आडवं वाहतं आणि उताराला कुठेतरी झर होऊन बाहेर येतं. त्यामुळे पावसाळा संपून महिना उलटला तरी नदी वाहती होती आणि गढूळपणाचा मागमूस नव्हता. वर रान टिकलंय म्हणून हे सगळं टिकलंय. म्हादई अभयारण्य 1999 साली जाहीर झालं, 208 चौरस किलोमीटरचं. या पाण्याच्या वाटपावरून राज्यांचं भांडण अजून चालूच आहे. 2018 च्या ऑगस्टमध्ये म्हादई पाणीवाटप लवादाने कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी ठरवून दिलं. हे आकडे मी वर्षानुवर्षं पेपरात वाचत आलो होतो. पण नदीच्या मध्यावर वल्हं आडवं ठेवून बसल्यावर, यातलं वितभर पाणी जरी उतरलं तरी कुठले दगड उघडे पडतील ते बोटाने दाखवता येत होतं. त्यानंतर मला ते आकडे नुसते आकडे वाटत नाहीत.

अर्ध्या तासाने उजव्या काठाला, शेरणीच्या झुडपांच्या आड, ढोपरभर पाण्यात एक झर दिसला. तळातली वाळू परातीएवढ्या जागेत खदखदत होती, पेजेला उकळी फुटावी तशी. एकेक कण वर उडायचा, कलायचा, पुन्हा बसायचा. मी हात घातला. नदीचं पाणी सकाळचं गारच होतं, पण बोटांवर येणारी धार त्याहून वेगळी होती, खालून हलकेच ढकलणारी. मावशी पाच मिनिटं काही बोलली नाही. नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळापुढची बुडबुड्यांची तळी पाहिली असेल तर थोडी कल्पना येईल.

आता जे चुकलं ते सांगतो, कारण तेच तुमच्या उपयोगाचं आहे. एका वळणावर वाळुंजाचं झाड पाण्यावर आडवं झुकलेलं होतं. प्रवाह दिसायला शांत, पण सगळा बाहेरच्या काठाकडे, म्हणजे थेट त्या झाडाकडे जात होता. माझा पुतण्या आणि त्याचा मित्र बसलेली कायाक आडवी होऊन फांद्यांना टेकली. दोघेही घाबरून झाडापासून लांब, म्हणजे वरच्या अंगाला कलले. पाणी त्या बाजूने आत घुसलं आणि कायाक पालथी. अशा वेळी उलटं करायचं असतं. झाडाला कवटाळल्यासारखं झाडाकडेच कलायचं, म्हणजे पाणी कायाकखालून निघून जातं. पाणी कमरेएवढं होतं आणि दोघेही फांद्यांच्या बाहेरच्या बाजूला पडले, म्हणून निभावलं. पण मित्राचं लाइफ जॅकेट कानांपर्यंत वर सरकलं होतं. भाड्याने देणाऱ्याने मोठ्या मापाचं दिलं होतं आणि आम्ही ते तपासलं नव्हतं. पट्टे आवळा, मग दुसऱ्याला ते खांद्याला धरून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर आलं तर बदलून घ्या. मिळत नसेल तर त्या माणसाला पाण्यात नेऊ नका. ही चूक माझी होती, कारण ग्रुपची जबाबदारी मी घेतली होती.

त्यानंतर क्रम बदलला. सगळ्यात संथ कायाक पुढे, सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी, मधल्या प्रत्येकाने मागची कायाक नजरेआड होऊ द्यायची नाही. गळ्यात शिट्टी. एक शिट्टी म्हणजे थांबा, तीन म्हणजे मदत. पुढचे दोन तास कुठे अडलं नाही.

खाली एक आजी धुणं धूत होत्या. आमचा ताफा बघून हात हलवत म्हणाल्या, "थंय कोंडांत वचूं नाकात!" म्हणजे तिथे डोहात जाऊ नका. वरून तो डोह आरशासारखा होता. खडकाच्या पोटात पाणी आत ओढतं, असं त्यांनी सांगितलं. आम्ही कायाक उचलून काठाने चालत पुढे गेलो. म्हादईवर उतरायच्या आधी गावात विचारा. कोंड कुठे, बंधारा कुठे, कुठल्या जागी देवाचं म्हणून कोणी उतरत नाही, हे तिथल्याच माणसांना ठाऊक असतं. बंधाऱ्यावरून, तो कितीही बुटका असला तरी, कायाक सोडू नका. खाली पडलेलं पाणी तिथेच गरगरतं आणि अडकलेल्याला सोडत नाही.

वरच्या नदीसाठी ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर बरा. त्यानंतर कायाकपेक्षा पायीच जास्त चालावं लागतं. पावसाळ्यातलं राफ्टिंग हा वेगळा खेळ आहे, तो वाटाड्यांसोबतच करा. पणजीहून वाळपईला पोचायला दीड तास धरा. पुढे फोनची रेंज भरवशाची नाही, तेव्हा किती वाजता कुठे बाहेर येणार ते काठावरच्या एका माणसाला सांगून ठेवा. एक गाडी उतरायच्या जागी आधीच नेऊन लावा.

दुसऱ्या दिवशी घड्याळ बदललं. समुद्रापासून सुमारे 50 किलोमीटर आत, गांजेपर्यंत, या नदीला भरती-ओहोटी जाणवते. तिथून खाली नदी चंद्राच्या तालावर चालते. कोकणातला जुना हिशेब अजून उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमी असेल तर सहा. मुखापासून आत जावं तसा उशीर होतो. तरीही छापील भरतीचा तक्ता जवळ ठेवाच.

आम्ही साडेनऊला चोडणच्या नाल्यात शिरलो तेव्हा भरती मागून ढकलत होती. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचं आहे, तरी तिवरांच्या कमानीखाली गेल्यावर पणजी समोरच आहे हे विसरायला होतं. वनखात्याची परवानगी आधी घ्या, कायाक कुठवर न्यायची तेही विचारा. इथलं पाणी गढूळच असतं, आणि असायलाच हवं. या चिखलात निवट्या मासे उड्या मारतात, खेकडे बिळं करतात, तिवराची मुळं श्वास घ्यायला वर येतात. एका ओंडक्यावर पाणमांजराची विष्ठा दिसली, माशाचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे भरलेली, अजून ओली. पांढऱ्या गळ्याचा निळसर-हिरवा खंड्या आमच्यापुढे फांदी-फांदीने उडत राहिला.

सव्वाअकरा-साडेअकराला पाणी थबकलं. दहा मिनिटं पानही वाहत नव्हतं. मग आलो त्या वाटेने ओहोटी लागली, आणि आम्हीही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, ओढही जोराची. नवशिके असाल तर अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा जा. मांडवीच्या मुख्य पात्रात जाऊ नका. फेरीबोटी आणि बार्ज यांच्या लाटा कायाकला झेपत नाहीत. पायात जुने बूट हवेतच. खडकांना आणि मुळांना चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात.

मगरींबद्दल सगळे विचारतात. मांडवी-झुआरीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात त्या आहेत, चोडणलाही दिसतात. हातपाय बाहेर लोंबकळत ठेवू नका, पहाटे-संध्याकाळी जाऊ नका, चिखलावर ऊन खात पडलेली दिसली तर लांबूनच पाहा. फोंड्याच्या खाजनांतले, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतांतले शेतकरी पौषात चिखलाची मगर घडवून, तिला शिंपल्यांनी मढवून पुजतात, 'मानगे थापणी' म्हणतात तिला. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेल्यांची ती रीत आहे. आपण तिथे पाहुणे म्हणून जातो.

लहान मुलं बरोबर असतील तर हे दोन्ही टप्पे सोडून काणकोणला तळपण नदीवर जा, रुंद आणि शांत आहे. मात्र शेजारच्या गालजीबागच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, तिथे वाळूवर कायाक ओढू नका.

संध्याकाळी विठ्ठलापूरला वाळवंटी नदीच्या काठी उभे होतो. दिव्यांनी सजवलेल्या, घरी बनवलेल्या होड्या एकेक करून पाण्यात सोडल्या जात होत्या. पुतण्या मावशीला दाखवत होता की कुठली होडी प्रवाहात आडवी होणार. दोनदा त्याचं बरोबर आलं. त्या रात्री साखळीत गाडी लावायला जागा मिळत नाही. टपावरच्या कायाक आधी घरी उतरवा, मगच या.