मढे घाटाकडे, कच्च्या वाटेने

कोकणात उतरणाऱ्या मढे घाटाला जायचा सरळ रस्ता बहुतेकांना माहीत आहे. पुणे-सातारा महामार्गावर चेलाडी फाट्याला वळायचं, नसरापूर, मार्गासनी करत वेल्ह्यात यायचं, तोरण्याच्या पायथ्याने पासली गाठायची आणि खिंड ओलांडून घाटमाथ्यावरच्या केळद गावाला उतरायचं. तो रस्ता आम्ही परतीसाठी ठेवला. जाताना भोरच्या बाजूने, भाटघरच्या पाण्याला मागे टाकत, डोंगर चढून केळदकडे येणाऱ्या कच्च्या वाटा धरायच्या असं ठरलं होतं. मढे घाटाचा धबधबा बघायचा होताच, पण खरी ओढ त्या वाटांची होती.

आम्ही पाच जण, पाच मोटरसायकली. कच्च्या रस्त्यांसाठीच बनवलेल्या तीन, म्हणजे एक हिमालयन आणि दोन एक्सपल्स, शिवाय माझी दीडशे सीसीची आणि आमच्यातल्या सर्वांत शांत मित्राची जुनी शंभर सीसीची. सप्टेंबरचा शेवट होता. पावसाचा जोर ओसरला होता, पण ओढे अजून भरून वाहत होते. माझ्या मते या बाजूला कच्च्या रस्त्याने यायचे हेच दिवस. जुलैत इथे धुकं आणि चिखल यांच्यापुढे गाडीचं काही चालत नाही, आणि डिसेंबरात पाणी आटलेलं असतं.

डांबर संपलं तिथे थांबून सगळ्यांनी टायरची हवा कमी केली. एरवी २८-३०वर असते ती बाविसाच्या आसपास आणली. हवा कमी असली की टायर जमिनीवर पसरतो आणि सुट्या खडीवर पकड येते. फार उतरवली तर मात्र ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटून फाटते, म्हणून ट्यूबवाल्या गाड्यांनी हात राखूनच हवा सोडावी.

पुढचा चढ मुरमाचा. पावसाने मधोमध खोल चर पाडलेले, दोन्ही बाजूंना वर आलेले गोटे. अशा चढावर फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची आणि हात सैल सोडायचे. गाडी खाली हवी तशी नाचते, तिला नाचू द्यायचं. हँडल घट्ट आवळलं की प्रत्येक दगड थेट खांद्यात येतो. नजर पुढच्या चाकावर नाही, दहा-पंधरा फूट पुढे. ज्या दगडाकडे बघत राहाल त्याच दगडावर गाडी जाणार, हे मी इतक्यांच्या बाबतीत पाहिलंय की आता नवख्याला पहिली गोष्ट हीच सांगतो.

या चढावर सगळ्यात सुरेख गेली ती शंभर सीसीची. हिमालयन २०० किलोच्या आसपास आणि ती ११०-११५. कुठे अडलीच तर मित्र पाय टेकवायचा, किंचित ढकलायचा, निघायचा. मोठं इंजिन, उंच सस्पेन्शन यांचं मला कौतुक आहेच. पण तुम्हाला एकट्याने उचलता येईल तेवढीच गाडी या वाटांवर खरी तुमची, हे मत त्या दिवशी आणखी पक्कं झालं.

मग ओढा आला. पंधरा-वीस फूट रुंद, पाणी गढूळ, तळ दिसत नव्हता. आधी दोघे चालत पलीकडे गेले. जिथे पाणी खळखळतं तिथे ते उथळ असतं; शांत, गुळगुळीत दिसतं तिथे डोह असण्याची शक्यता जास्त. खळखळत्या बाजूला पाणी गुडघ्याच्या खालीच होतं, फक्त तळाशी शेवाळलेले गोटे. पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, नजर पलीकडच्या काठावर. तिघे निघाले. चौथी गाडी, एक एक्सपल्स, मध्यावर एका गोट्यावरून घसरली आणि आडवी झाली.

ती चालवणाऱ्या मित्राने पडता पडता किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, दाबलं. गाडी त्यानेच वाचली. चालू इंजिनाने पाणी आत ओढलं असतं तर ते सिलिंडरमध्ये दाबलं जात नाही, आणि त्या धक्क्यात कनेक्टिंग रॉड वाकतो. आम्ही गाडी काठावर आणली. स्टार्टरला कुणीही हात लावला नाही. आधी एअर फिल्टरचं झाकण काढलं. फिल्टर एका कोपऱ्यात भिजला होता, तो उन्हात तापलेल्या दगडावर वाळत ठेवला. स्पार्क प्लगची टोपी ओढली, प्लग पान्याने सोडवला, आणि मग स्टार्टर मारला. प्लगच्या भोकातून पाण्याची बारीक फवार उडाली, दुसऱ्यांदा त्याहून कमी, नंतर नुसती हवा. प्लग पुसून परत बसवला. गाडी चालू झाली, सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघाली, आणि सगळ्यांच्याच तोंडून ओरडा निघाला. या सगळ्यात चांगला तासभर गेला. मला तो तास दिवसातला उत्तम वाटतो.

केळदच्या अलीकडे एक आजोबा गुरं घेऊन चालले होते. धबधब्याची वाट विचारली तर म्हणाले, "गाड्या गावातच लावा बाळांनो. फुडं समदं चिबड हाय." चिबड म्हणजे पाणी मुरून दलदल झालेली जमीन. चाकांच्या खुणा पुढे जाताना दिसत होत्या, तरी आम्ही त्यांचं ऐकलं.

धबधब्याच्या माथ्याचं पठार पाहिल्यावर त्यांचं म्हणणं नीट कळलं. कुणीतरी तिथे गाड्या गोल गोल फिरवल्या होत्या. काळ्या कातळावर मातीचा थर वीतभरसुद्धा नसतो. त्यातच सोनकी पिवळी फुललेली, तेरडा गुलाबी. चाक फिरतं तिथे तो थर सोलून निघतो, पुढच्या पावसात माती वाहून जाते आणि उघडा दगड राहतो. फार वाईट वाटलं. कच्चा रस्ता आम्हाला जीव की प्राण आहे, पण रस्ता म्हणजे आधीपासून असलेली चाकोरी. गवतावर गाडी घालणं याला मी ऑफरोडिंग म्हणत नाही.

कड्याशी आलो तर खालून कोकणचा वारा चढत होता. पाणी काठावरून सुटायचं, थोडं खाली जायचं आणि वाऱ्याने उलटं वर फेकलं जायचं. समोर काळ्या कातळाचे आडवे थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. या डोंगरधारेच्या पूर्वेला पडलेला पाऊस गुंजवणीतून नीरेला, पुढे भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातो. आमच्या समोर कोसळणारं पाणी मात्र कोकणात उतरून अरबी समुद्राला. सिंहगडावर ४ फेब्रुवारी १६७० रोजी पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटाने त्यांच्या गावी, उमरठ्याला नेला, असं परंपरा सांगते. ती उतरण वरून पाहिली की पालखी खांद्यावर घेऊन इथून उतरणाऱ्या माणसांचाच विचार येतो. हातात नुसतं हेल्मेट असतानाही तिथे पाय जपून टाकावा लागतो.

धबधब्याच्या तळाशी जायला घाट पायी उतरावा लागतो. ओढ्यावर तास गेल्याने तेवढा उजेड उरणार नव्हता, म्हणून आम्ही उतरलो नाही. केळदला येऊन छोट्या पंपाने टायर पुन्हा भरले, भिजलेल्या गाडीचे ब्रेक दोन-तीनदा तपासले आणि खिंडीतून वेल्ह्याच्या डांबराला लागलो. शंभर सीसीची सर्वांत पुढे होती, बाकीचे तिच्या वेगाने मागे.