आमची वाटचाल : रोप रानात रुजलं, तरच ते विकलं गेलं

कृष्णाकाठी उसाची रोपवाटिका सुरू करणं अवघड नाही. शेडनेट, प्लास्टिकचे ट्रे, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि बेण्याचा, म्हणजे लागणीसाठी राखलेला ऊस एवढं जमलं की महिनाभरात रोप तयार होतं. अवघड आहे ते पुढच्या वर्षी त्याच शेतकऱ्यानं पुन्हा आपल्याकडे येणं. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातली आमची छोटी रोपवाटिका उभी राहिली ती एका हिशोबावर. ट्रे टेम्पोत चढले म्हणजे विक्री झाली, असं आम्ही धरत नाही. नव्वद दिवसांनी शेतकऱ्याच्या रानात बेटागणिक, म्हणजे एका रोपातून झालेल्या झुपक्यागणिक फुटवे मोजले, की मग ती विक्री वहीत पूर्ण होते. उसाचा प्लॉट रस्त्यावरून दिसतो. साधला तर बांधाला लागून असलेले चौघे विचारतात रोपं कुठली, आणि फसला तरी तेच चौघे विचारतात.

या धंद्याचं मूळ बेण्यात आहे, म्हणून आमचा सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा तिथंच जातो. तोडीला आलेला बारा महिन्यांचा ऊस स्वस्तात मिळतो, पण त्याचे बुडाकडचे डोळे, म्हणजे पेरावरचे कोंब फुटणारे उंचवटे, निबर झालेले असतात. शंभरातले साठ-पासष्ट उगवतात आणि तेही मागेपुढे. एकाच ट्रेत एक रोप वीतभर, शेजारचं बोटभर. अशी रोपं एका सरीत लावली की थोरलं धाकट्याला दाबतं आणि शेवटी वजनात मार बसतो. त्यामुळे आम्ही नऊ ते दहा महिन्यांच्या बेणेमळ्यातलाच ऊस घेतो. मूळ बेणं पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राचं किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं. मूलभूत, त्यापासून पायाभूत आणि त्यापासून प्रमाणित अशी ही बेण्याच्या पिढ्यांची साखळी असते. मूलभूत बेण्याला बाष्पयुक्त उष्ण हवेत ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास ठेवतात. गवताळ वाढीसारखा बेण्यातून पसरणारा रोग तिथंच अडतो. हीच प्रक्रिया शेडमध्ये गरम पाण्याच्या पिंपात करू गेलं तर डोळे शिजतात, तो नाद करू नये.

बेणेमळा आम्ही स्वतः करत नाही, गावातले पाच-सहा शेतकरी करतात. त्यांना काय परवडतं हे समजायला आम्हाला दोन हंगाम लागले. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे कारखान्यानं चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. आम्ही काट्यावर वजन झालं त्याच दिवशी देतो आणि टनाला कारखान्यापेक्षा जास्त दर लागणीच्या वेळीच ठरवून टाकतो. खरी अडचण भेसळीची होती. बेणेमळ्यातून काणी हा बुरशीचा रोग आलेली, गवताळ वाढीची आणि दुसऱ्या जातीची बेटं तीन वेळा फिरून मुळासकट काढावी लागतात. पण स्वतःच्या हातानं उभा ऊस कोण उपटेल? मग आम्ही उपटलेल्या प्रत्येक बेटाचे पैसे द्यायला लागलो. शेतकरी रोगट बेट बांधावर आणून दाखवतो, वहीत नोंद होते, बेट जाळलं जातं. हा खर्च फार नाही. काणीचा काळा चाबूक फुटलेलं एक बेट राहिलं, तर त्यातून किती जणांच्या रानात काय जाईल हे बघता तो काहीच नाही.

डोळे काढण्याचं, म्हणजे उसाची एकेका डोळ्याची छोटी कांडी कापण्याचं काम बायका करतात. पूर्वी हजार डोळ्यांमागे मजुरी होती. त्यात हात झपाट्यानं चालायचा, पण पातं बोथट झालं की कांडी चिरायची, आणि चिरलेली कांडी आठ दिवसांत आतून लालसर पडून आंबूस वास येतो. आता हजारी दर आहेच, शिवाय उगवणीवर वेगळे पैसे आहेत. ज्या ताईंनी डोळे काढले त्यांच्या नावाची, प्लॉटची आणि तारखेची चिठ्ठी ट्रेच्या थप्पीला लावतो. थप्पी उघडताना त्या स्वतः हजर असतात आणि मोजतात. ८५ टक्क्यांच्या वर उगवण गेली की जादा रक्कम त्याच आठवड्याच्या पगारात. दर दोन तासांनी पातं घासून घ्यायचं, कांडीचा एक तृतीयांश भाग डोळ्याच्या वर आणि दोन तृतीयांश खाली ठेवायचा, पाचट हातानं सोलायचं, कोयत्यानं नाही, हे नियम आता आम्हाला सांगावे लागत नाहीत.

त्यानंतर बेणेप्रक्रिया. १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि ३०० मिलि मॅलॅथिऑन मिसळून कांड्या दहा-पंधरा मिनिटं बुडवायच्या, हातात रबरी मोजे घालूनच. त्या सुकल्या की १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसिटोबॅक्टर (नत्र मिळवून देणारे जिवाणू) आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू घेऊन अर्धा तास ठेवायच्या. दोन्ही एकाच पिंपात कालवणारे पुष्कळ आहेत. औषध जिवाणूंना मारतं आणि जिवाणूंचे पैसे पाण्यात जातात.

कोकोपीटची वीट भिजवली की लगेच भरायची घाई होते. त्यात क्षार जास्त असतील तर मुळीचं टोक तपकिरी होऊन थांबतं आणि वरून रोप पिवळं दिसतं. मग लोक त्यावर खताची फवारणी करतात, म्हणजे क्षारात आणखी क्षार. आम्ही दोन वेळा गोड्या पाण्यानं धुऊन, क्षारता मोजायच्या छोट्या मीटरवर १ च्या खाली आल्याशिवाय भरत नाही. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर धुऊन उपयोग नाही, नदीचं आणावं लागतं. ट्रे ४२ कपांचा. डोळा वर येईल अशी कांडी ठेवून कोकोपीटनं झाकायची आणि ट्रे एकावर एक रचून काळ्या कागदानं हवाबंद करायचे. वर एक रिकामा ट्रे आणि त्यावर वजन. उन्हाळ्यात तीन-चार दिवस, थंडीत आठ-नऊ. रोज एक ट्रे काढून बघायचा, पांढरी मुळी आणि कोंबाचं टोक दिसलं की त्याच दिवशी थप्पी मोडायची. एक दिवस उशीर झाला तर कोंब पांढरे, लांबट होतात आणि शेडनेटमध्ये आणल्यावर माना टाकतात.

शेतकऱ्याला खरी मदत लागते ती नोंदणीच्या वेळी. पहिला प्रश्न आम्ही विचारतो, रान कधी मोकळं होणार? आधीचं सोयाबीन उभं आहे, पाऊस लांबला, ट्रॅक्टर मिळाला नाही, आणि रोप ट्रेत पंचेचाळीस दिवसांचं झालं, की मुळ्या कपात गोल फिरतात. असं म्हातारं रोप लागतं, पण फुटत नाही. म्हणून लागणीच्या तारखेपासून तीस दिवस मागं मोजून ट्रे भरतो आणि इसार घेतल्यावरही पंधराव्या दिवशी फोन करून रानाची स्थिती विचारतो. उशीर होणार असेल तर ती रोपं दुसऱ्याला देऊन त्याच्यासाठी नवे ट्रे भरतो. दुसरा प्रश्न जमिनीचा. क्षारपड रानात फुले २६५ ही जात तग धरते. निचऱ्याच्या चांगल्या रानात को ८६०३२ चं नाव आजही आहे. हवी ती जात आमच्याकडे नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याचा नंबर देतो. शिल्लक आहे म्हणून नको ती जात कुणाच्या गळ्यात मारत नाही.

रोपांची संख्या आम्ही त्याच्यासमोर कागदावर काढतो. साडेचार फुटी सरी आणि दोन फुटांवर रोप म्हणजे एका रोपाला नऊ चौरस फूट. एकराचे ४३,५६० चौरस फूट, भागिले नऊ, म्हणजे ४,८४० रोपं. पाच फुटी सरी घेतली तर ४,३५६. कुणी सहा हजार मागितली तरी आम्ही हाच हिशोब दाखवतो आणि नांग्यांसाठी, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा भरायला, शंभराला पाच रोपं वर देतो. आधी आमची विक्री कमी दिसते हे खरं आहे, पण दाट लावलेला ऊस बारीक राहतो आणि नाव रोपवाटिकेचं जातं. एकरी १०० टनांचा हिशोब सोपा आहे: तोडीच्या वेळी ४० हजार ऊस, प्रत्येकी अडीच किलो. म्हणजे ४,८४० बेटांपैकी प्रत्येकात आठ-नऊ पक्के ऊस हवेत, बाकी फुटवे मरणारच.

रोपं गेल्यावर आम्ही तीन वेळा रानात जातो. दहाव्या दिवशी नांग्या बघायला. तोवर मुळांचा गड्डा उघडा पडला असेल तर इंचभर माती ओढायला सांगतो. फार खोल लावलं असेल तर पोंग्यात (मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत) माती जाऊन रोप कुजतं. पंचेचाळीसाव्या दिवसाच्या आसपास जेठा कोंब काढायला. रोपाला सहा ते आठ पानं झाली आणि दोन-तीन फुटवे दिसायला लागले, की मधला मुख्य कोंब जमिनीलगत कापायचा. शेतकऱ्याचा जीव होत नाही, सगळ्यात जोमदार कोंबच काढायचा असतो ना! आम्ही दोन सऱ्या स्वतः काढून देतो आणि शेजारच्या दोन तशाच ठेवायला सांगतो. पुढं पंधरा दिवसांत त्याला फरक दिसतो आणि बाकीचं रान तो स्वतः करतो. तिसरी फेरी नव्वदाव्या दिवसाची, फुटवे मोजायची. बुडाशी मूठभर युरिया टाकून रोपं जाळणारे याच तीन फेऱ्यांत सापडतात.

आडसालीची, म्हणजे पावसाळ्यातल्या लागणीची मागणी १५ जुलै ते १५ ऑगस्ट या महिन्यात एकवटते. तेवढ्यासाठी मोठं शेड उभारावं आणि पुढं ते रिकामं ठेवावं, की आलेली मागणी सोडावी, हा पेच दरवर्षी यायचा. आमच्याकडे डोळे काढणाऱ्या काही ताईंनी घराशेजारी गुंठा-दीड गुंठ्यात शेडनेट घातलं, तेव्हा वाट सापडली. एका गुंठ्यात चालायला वाटा सोडून साधारण ३५० ट्रे बसतात, म्हणजे १४,७०० कप. प्रक्रिया केलेल्या कांड्या, ट्रे आणि धुतलेलं कोकोपीट आम्ही उधारीवर देतो. वसुली रोप विकल्यावर. त्यांच्या गावातला गिऱ्हाईक आमच्याकडे आला तर त्यांच्याकडेच पाठवतो, वाहतूक वाचते. त्यांची रोपं आमच्याकडून गेली तरी चिठ्ठीवर नाव त्यांचंच राहतं. यामुळे स्पर्धक तयार होतील असं बरेच जण म्हणाले. झालंही तसं, त्यातल्या दोघींचा धंदा आता स्वतंत्र आहे. बेण्याच्या कांड्या त्या आजही आमच्याकडूनच नेतात, आणि गर्दीच्या महिन्यात कमी पडलेली रोपं त्यांच्याकडून येतात. एका माणसाला लाखो रोपांच्या मुळ्या नीट बघता येत नाहीत. गुंठ्यातली रोपं रोज हाताखालून जातात, उगवण आमच्यापेक्षा चांगली निघते.

उधारीचा एक नियम मात्र कडक आहे. ट्रे परत आल्याशिवाय नवे मिळत नाहीत. रानात पडलेला ट्रे उन्हानं तडकतो आणि पुढच्या लागणीला कपाच्या फटीतून कोकोपीट गळतं. आलेले ट्रे आधी पाण्यानं आणि मग ब्लीचिंग पावडरच्या द्रावणानं धुऊन सावलीत उलटे रचायचे. या आठवड्यात तेच काम चालू आहे. पूर्वहंगामीचे, म्हणजे त्यानंतरच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लागणीचे ट्रे भरायला सप्टेंबरच्या मध्याला सुरुवात होईल.