उजवा डोळा, डावा हात

हार्पर ली यांची कादंबरी ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ शिकवताना बहुतेक वर्ग वकील ॲटिकस फिंचच्या समारोपाच्या भाषणाकडे धाव घेतात. ते २०व्या प्रकरणात आहे, परीक्षेत त्यावर प्रश्न येतो, १९६२च्या चित्रपटामुळे ते गाजलंही आहे. मी ते शेवटी घेते. आधी १७, १८ आणि १९ ही तीन प्रकरणं. त्यांत शेरीफ हेक टेट, बॉब यूएल, त्याची मुलगी मेयेला आणि आरोपी टॉम रॉबिन्सन यांच्या साक्षी आहेत. या चार साक्षी हातात असल्या की खटला वकिलाच्या मदतीशिवाय सोडवता येतो, आणि तसा तो मुलांनी सोडवलाच पाहिजे असं मला वाटतं. यंदा एम.ए.च्या वर्गात हा जोडतास झाला. विदर्भातल्या कापसाच्या गावातलं आमचं कॉलेज. त्या दिवशी मुलांनी पुस्तकातून जे बाहेर काढलं ते नोंदवून ठेवावं असं होतं.

पार्श्वभूमी थोडक्यात दिली. मेयेला या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप टॉम या काळ्या माणसावर आहे आणि ॲटिकस टॉमचा वकील आहे. गोष्ट घडते अलाबामा राज्यातल्या मेकम या काल्पनिक गावात, १९३३ ते १९३५ या काळात. हार्पर ली अलाबामातल्याच मन्रोव्हिलच्या, वडील वकील. पुस्तक १९६०मध्ये आलं, १९६१मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. गोष्ट सांगणारी ॲटिकसची मुलगी स्काउट सुरुवातीला सहा वर्षांचीही झालेली नाही, तिचा भाऊ जेम तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. महामंदीत कापसाचा भाव पडलेला, म्हणून कनिंगहॅमसारखे शेतकरी वकिलाची फी जळाऊ लाकडं आणि हिकरीची फळं देऊन फेडतात. हे आमच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

ज्युरी, म्हणजे खटला ऐकून निकाल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, मात्र समजावून सांगावी लागते. आपल्याकडे ती राहिलेली नाही. त्यासाठी मी नानावटी खून खटला घेते: १९५९, मुंबईचं सत्र न्यायालय, नऊ जणांच्या ज्युरीने ८ विरुद्ध १ असं निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना तो निकाल पटला नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे जन्मठेप झाली. डोळ्यांसमोर एकच पुरावा असतो, पण तो पाहणारं मन आधीच कुठेतरी झुकलेलं असू शकतं, एवढं या उदाहरणातून कळलं की मेकमच्या कोर्टात शिरायला हरकत नाही.

फळ्यावर तीन रकाने आखले: साक्षीदाराने स्वतः पाहिलेलं, ऐकीव, आणि विचारल्यावर बदललेलं. तिसरा रकाना महत्त्वाचा. टेट आधी मेयेलाचा डावा डोळा सुजला होता म्हणतो. ॲटिकस विचारतो, तुमच्या समोरून पाहता डावा, की तिचा डावा? टेट थांबतो, मनाशी हिशेब करतो आणि म्हणतो, म्हणजे तिचा उजवा. चेहऱ्याची तीच बाजू सुजली होती. घाईत वाचणाऱ्याच्या हातून ही ओळ निसटते आणि मग पुढचं काहीच लागत नाही.

म्हणून बाकं भिंतीला लावली आणि मुलांना जोड्यांनी समोरासमोर उभं केलं. एकाच्या उजव्या गालाला खडूचा ठिपका. दुसऱ्याने मारल्याचा आविर्भाव करायचा, हात गालापासून वीतभर दूर थांबवायचा. इथे हमखास घोळ होतो. अर्ध्या जोड्या स्वतःचा उजवा तोच समोरच्याचा उजवा धरून चुकीच्या गालावर खडू लावतात. टेटचाही नेमका हाच गोंधळ झाला होता. तो वर्गात एकदा प्रत्यक्ष झाला की टेट खोटं बोलत नव्हता हे पटतं. त्याने पाहिलं बरोबर होतं, सांगताना बाजू उलटी झाली होती.

ठिपका बरोबर लागल्यावर सगळ्यांना दिसलं की समोरून मारलेला ठोसा उजव्या गालावर पडतो तो डाव्या हाताचा. बॉब यूएलला ॲटिकस पाकिटावर सही करायला लावतो आणि तो डाव्या हाताने करतो. टॉमचा डावा हात उजव्यापेक्षा फूटभर आखूड आहे. शपथ घेताना बायबलवर ठेवलेला तो हात आपोआप घसरून खाली येतो. खटला संपला, असं वर्गाने जाहीर केलं.

तेवढ्यात एका मुलाने हात वर केला. म्हणाला, “मॅडम, उजव्या हाताच्या उलट्या पंजाने मारलं तर?” करून दाखवलं. खरंच, उलटा पंजा उजव्या गालावर बसतो. फार चांगला आक्षेप आहे हा, आणि वकिलाच्या नजरेने वाचणारा विद्यार्थी तो घेणारच. उत्तर टेटच्याच साक्षीत आहे, फक्त चार ओळी पुढे. गळ्यावर बोटांचे वळ कुठे होते, असं ॲटिकस विचारतो. टेट म्हणतो, गळ्याभोवती सगळीकडे, मागेही. एका हाताने असे वळ उठवता येतात का ते मुलांनी स्वतःच्याच मानेवर पाहिलं. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला, मान मागे मोकळीच राहते. मानेला चहूकडून वेढायला दोन पंजे लागतात. डोळ्यावरची सूज संशय निर्माण करते. टॉमला सोडवतात ते गळ्यावरचे वळ. बहुतेक मार्गदर्शक पुस्तकांत फक्त डावा हात सांगितलेला असतो, गळा नसतो. मी तरी उत्तरपत्रिकेत गळ्याचा उल्लेख आहे का ते आवर्जून पाहते.

टॉमचा हात लहानपणी कापसाच्या जिनमध्ये गेला होता. हाडांपासून स्नायू सुटले, रक्तस्रावाने मरता मरता वाचला. अशी दुखापत खरंच होते का, असं एकीने विचारलं, आणि उत्तर माझ्याआधी मागच्या बाकावरून आलं: “जिनात बोट गेलं की हात ओढतो तो, सोडत नाही.” आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रोलर जिन असतं. अमेरिकेतल्या दक्षिणेत करवतीसारख्या दातेरी चकत्यांचं जिन चाले. दात धाग्याला धरून सळ्यांच्या फटीतून खेचतात आणि सरकी मागे राहते. हात त्यात गेला तर काय होईल ते आमच्या गावातल्या मुलांना चित्र काढून दाखवावं लागलं नाही. आणखी एक जुना धागा आहे: १८६१ ते १८६५च्या अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस अडला, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे मोर्चा वळवला. टॉमच्या आजोबा-पणजोबांची गुलामी आणि आपल्या पणजोबांचा कापूस एकाच बाजारात तोलला जात होता.

मग मतदान घेतलं. चिठ्ठ्यांवर दोषी किंवा निर्दोष. सगळ्या चिठ्ठ्या निर्दोष निघाल्या. वर्गाच्या दृष्टीने काम झालं होतं, पण खरं वाचन इथून पुढे सुरू होतं. कारण मेकमची ज्युरी हाच पुरावा पाहून रात्री अकरा वाजून गेल्यावर परत येते आणि दोषी म्हणते. मी विचारलं, ज्युरीचं मन नक्की कोणत्या ओळीवर बंद झालं? पुस्तकात बोट ठेवून दाखवा.

कोणी टॉमचं पळून जाणं दाखवलं, कोणी मेयेलाचं रडणं. बऱ्याच वेळाने एकीने १९व्या प्रकरणातली जागा दाखवली. सरकारी वकील गिल्मर टॉमला विचारतो, एक पैसाही न घेता तू तिची एवढी कामं का करायचास? टॉम म्हणतो, मला तिची कीव आली, घरातल्या इतरांपेक्षा तीच जास्त धडपडताना दिसायची. गिल्मर तेच शब्द पुन्हा उच्चारतो आणि मुद्दाम थांबतो. टॉमला आपली चूक कळते, पण बोलून गेलेलं असतं. काळ्यांसाठीच्या वरच्या बाल्कनीत स्काउट बसली आहे, तिच्या खाली बसलेल्या कुणालाच ते उत्तर आवडत नाही.

“यात चूक काय?” दोन-तीन जणांनी एकदमच विचारलं. दुसऱ्या रांगेतला एक मुलगा, जो एरवी फारसा बोलत नाही, म्हणाला, “मॅडम, कीव वरून खाली यायला पाहिजे. याने खालून वर केली.”

एवढ्या कमी शब्दांत हे कुणी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. मग त्याच सूत्राने पुस्तक मागेपुढे चाळलं आणि सगळं जागच्या जागी बसत गेलं. २४व्या प्रकरणात मेकमच्या गोऱ्या बायका चहापानाला जमून आफ्रिकेतल्या मृना लोकांसाठी हळहळतात. ती कीव वरून खाली जाते, म्हणून तिला केक आणि कॉफीसह मान्यता आहे. त्याच गावात टॉमची बायको हेलन, तीन मुलांची आई, कामाविना राहते. १२व्या प्रकरणात काळ्यांच्या चर्चमध्ये रेव्हरंड साइक्स दहा डॉलर जमेपर्यंत दार उघडू देत नाही, ते हेलनसाठी. १८व्या प्रकरणात ॲटिकस मेयेलाला अदबीने ‘मिस’ आणि ‘मॅम’ म्हणतो, तर तिला वाटतं तो टिंगल करतोय. आयुष्यात तिला कुणी तसं बोलावलेलंच नाही. उकिरड्यामागच्या घरात लाल जिरॅनियमची सहा भांडी जपणारी, भावंडांच्या आइस्क्रीमसाठी वर्षभर नाणी साठवणारी ही १९ वर्षांची मुलगी गोऱ्यांमध्ये सगळ्यात खालच्या पायरीवर आहे. तिच्याकडे एकच गोष्ट उरली आहे, टॉमपेक्षा वर असणं. टॉमची कीव तिला नेमकं तेवढंच नाकारते.

अर्थात वर्गात आपल्या गावांची उदाहरणं निघाली. ती निघणारच, आणि मी थांबवत नाही. फक्त एक अट घालते: तुलना करायची तर दोन्हीकडचा पुरावा त्याच बारकाईने मांडायचा. अलाबामातल्या कायद्याने बांधलेली काळ्यांची वेगळी बाल्कनी आणि आपल्या वस्त्यांमधलं अंतर यांत सारखं काय, वेगळं काय, हे लिहून आणायचं. नुसतं “आपल्याकडेही असंच आहे” म्हटलं की दोन्ही गोष्टी नीट दिसेनाशा होतात.

कादंबरीतल्या मुलांच्या मोठं होण्याचा भाग मी १९व्या प्रकरणातूनच घेते. दुसऱ्याच्या कातडीत शिरून फिरण्याबद्दलचं ॲटिकसचं वाक्य तिसऱ्या प्रकरणात आहे आणि पोस्टरवर छापून छापून ते गुळगुळीत झालंय. त्यापेक्षा १९व्या प्रकरणाचा शेवट वाचायला हवा. गिल्मर टॉमला, लग्न झालेल्या पंचवीस वर्षांच्या माणसाला, ‘बॉय’ म्हणून हिणवत असतो आणि त्या सुराने स्काउटच्या लहानग्या मित्राला, डिलला, रडू कोसळतं. स्काउट त्याला बाहेर नेते, समजूत काढते आणि म्हणते, शेवटी तो निग्रोच आहे ना.

ही ओळ मी दोनदा वाचून घेतली. वर्गातल्या कित्येकांनी ती आधी पाहिलीच नव्हती. निवेदिका ॲटिकसची मुलगी, घरात स्वयंपाक करणाऱ्या काळ्या कॅल्पर्नियाच्या हाताखाली वाढलेली, काळ्यांच्या बाल्कनीत बसून खटला ऐकणारी, तरी तिच्या तोंडून हे सहज, कसलाही राग नसताना येतं. पूर्वग्रहाला द्वेष लागतोच असं नाही, तो घरातल्या हवेतूनही येतो, हे लीने आपल्या लाडक्या पात्राकडून वदवलं आहे. आणि तेव्हा रडणारा डिल तिच्यापेक्षा जास्त शिकलेला नाही, फक्त त्याला अजून सवय झालेली नाही. जेमचं मोठं होणं वेगळं. तो बाल्कनीत बसून पुरावे मोजतो, आम्ही वर्गात मोजले तसेच, आणि जिंकलो म्हणून खूश होतो. शेजारचा साइक्स त्याला सांगतो की काळ्याच्या बाजूने निकाल देणारी ज्युरी त्याने कधी पाहिलेली नाही. निकालानंतर जेम रडतो. स्काउट पुरावे मोजत नाही, माणसं बघते. परत येणारे ज्युरर टॉमकडे पाहत नाहीत एवढ्यावरून तिला निकाल आधीच कळतो.

ज्युरीत काळे का नव्हते हा प्रश्न शेवटी आलाच. अलाबामातल्याच स्कॉट्सबरो प्रकरणात १९३१मध्ये नऊ काळ्या मुलांवर दोन गोऱ्या तरुणींवर बलात्कार केल्याचा आरोप झाला. १९३३मध्ये त्यांतल्या एकीने साक्ष फिरवली, तरी ज्युरीने दोषीच ठरवलं. न्यायाधीश हॉर्टन यांनी तो निकाल रद्द केला आणि पुढची निवडणूक हरले. १९३५च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्यांना ज्युरीतून पद्धतशीर वगळणं घटनाबाह्य ठरवलं. कादंबरीतला खटला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात उभा राहतो आणि ज्युरी अख्खी गोरीच असते. बायकांना तर अलाबामात १९६६पर्यंत ज्युरीत बसता येत नव्हतं.

तास संपताना एका मुलीने विचारलं की टॉम एवढंच बोलतो का. हो, जवळजवळ एवढंच. एक साक्ष, मग तुरुंगाच्या कुंपणावरून पळून जाताना १७ गोळ्या, आणि त्याही आपल्याला ऐकीव कळतात. या पुस्तकावरचा सगळ्यात रास्त आक्षेप हाच आहे: ज्याच्यावर अन्याय होतो त्याचं मन आपल्याला आतून दिसत नाही. म्हणून गृहपाठ दिला, खटल्यानंतरचं हेलनचं दोन पानी निवेदन. नियम कडक ठेवले: प्रत्येक तपशील पुस्तकातून, समासात पान क्रमांक, आणि ॲटिकसला पहिल्या पानावर येऊ द्यायचं नाही. हा शेवटचा नियम नसेल तर सगळ्या हेलन त्याचे आभार मानत बसतात.

सर्वांत चांगलं निवेदन आलं ते २७व्या प्रकरणातल्या एका वाक्यावर उभं होतं. टॉमचा मालक लिंक डीस हेलनला काम देतो, पण सरळ रस्ता यूएलच्या घरावरून जातो आणि तिथून जाताना तिच्यावर दगड येतात. म्हणून ती रोज जवळजवळ मैलभर वळसा घालून कामावर जाते. त्या मुलीने दोन्ही पानं त्या वळशावर लिहिली होती: पहाटे किती लवकर निघावं लागतं, मुलांना कुणाकडे ठेवायचं, पावसात कुठून जायचं. यांतल्या काही तपशिलांपुढे समासात पान क्रमांक नव्हता, कारण ते पुस्तकात नाहीतच. नियमाप्रमाणे तिथे खुणा केल्या आणि पुढचा तास २७व्या प्रकरणातल्या त्याच वाक्यापासून सुरू केला.